चौतीसची पट्टी

निळ्या बटणावर ‘प्रसिद्ध करा’ असं लिहिलेलं होतं आणि टेलरमास्तर गेली दहा मिनिटं त्याच्याकडे नुसते बघत होते. एकतीस वर्षांत त्यांनी कितीतरी भारी कापडांना कात्री लावली होती, पण हात असा कधी अडखळला नव्हता. कापड चुकलं तर कुठेतरी जोड देता येतो. हे बटण दाबलं की म्हणे सगळ्या जगाला दिसतं.

“अहो, दाबा की एकदाचं!” पलीकडे काज करत बसलेली बायको म्हणाली. “दोनला हेडसर सूट न्यायला येणारेत. तोवर त्याच्यापुढेच बसून राहणार का?”

“ही घाईनं करायची गोष्ट नाही.”

“लग्नाच्या वेळी एवढा विचार केला नव्हतात.”

“केला असता तर...” मास्तर म्हणाले आणि उरलेलं वाक्य त्यांनी शहाण्या माणसासारखं गिळून टाकलं.

हे सगळं सुरू झालं वाचनालयातल्या वर्गापासून. ‘स्वतःचं पहिलं वेबपान’ असा आठ दुपारींचा वर्ग होता. मास्तरांची मुलगी दूरच्या शहरात पुलांचे आराखडे करायची. तिला आपलं काम एकदा असं पडद्यावर दाखवावं, या हौसेने मास्तरांनी नाव घातलं आणि एक दिवस बुडवला नाही. वर्गाच्या बाई कडक होत्या. त्यांचे नियम दोनच. पासवर्ड कागदावर कुठेही लिहून ठेवायचा नाही आणि पान प्रसिद्ध करून झालं की न विसरता लॉगआऊट करायचं. मास्तरांनी उभ्या आयुष्यात शिक्षकांचं एवढं ऐकलं नव्हतं, ते आता सगळं भरून काढत होते.

पान मात्र झकास झालं होतं. वर शीर्षक, ‘मी आणि माझी शिलाई’. खाली गळ्यात टेप घातलेला मास्तरांचा फोटो. मग आत्मवृत्त. त्यात ‘दुकानातली गोष्ट मी आजवर उंबऱ्याबाहेर जाऊ दिलेली नाही’ हे वाक्य त्यांनी ठळक अक्षरांत घेतलं होतं. त्याच्या पुढचं वाक्य लिहिताना तर त्यांचा ऊर भरून आला होता : ‘माझी मुलगी आज मोठमोठ्या पुलांची गणितं करते. शाळेत ती गणितात पास झाली ती स्वतःच्या हिमतीवर, कुणाच्या मेहरबानीवर नाही.’ आणि सगळ्यात शेवटी ‘सध्या हातात असलेलं काम’ या मथळ्याखाली एक भला मोठा फोटो होता. रॅकवर ओळीने टांगलेले सहा कपडे. बोट ठेवलं की फोटो मोठा व्हायचा, पुन्हा ठेवलं की आणखी मोठा. ही करामत मास्तर चौथ्या दुपारी शिकले होते आणि तिचा त्यांना फार अभिमान होता.

त्यांनी डोळे मिटून बटण दाबलं. काहीच आवाज झाला नाही. पडद्यावर फक्त ‘अभिनंदन’ आलं आणि तळाशी एक छोटा आकडा दिसू लागला : भेट देणारे, शून्य.

शून्य काही बघवेना. मास्तरांनी फोन काढला आणि आधी मुलीला, मग त्यात नंबर असलेल्या झाडून सगळ्या गिऱ्हाइकांना, म्हणजे एकशे त्र्याऐंशी माणसांना, पानाचा पत्ता पाठवून दिला. मग शिस्तीत लॉगआऊट केलं आणि दुकानाचं शटर ओढल्यावर वाटतं तसं समाधान त्यांना वाटलं. तेव्हा साडेबारा वाजत होते.

पहिला फोन विमा एजंटचा आला. तो एवढा हसत होता की आधी काही कळेचना.

“मास्तर! काय पान केलंय हो! त्या दंतवैद्याच्या डाव्या खांद्यात खरंच कापूस आहे?”

मास्तरांच्या हातातली कात्री हातातच राहिली. “तुम्हाला कुणी सांगितलं?”

“तुम्हीच की! फोटो मोठा केला तर अक्षर न् अक्षर दिसतंय. ‘डावा खांदा उतरता. कापूस भरणे. घरी माहीत नाही.’ हा हा हा! थांबा, पुढच्या चिठ्ठ्या बघतो.”

“पुढे बघू नका!” मास्तर ओरडले. “पुढचं... पुढचं अजून कच्चं आहे!”

पण फोन बंद झाला होता. एजंटची पँट रॅकवर पाचवी होती आणि तिच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं : ‘पाय आखूड. त्यांना लांब वाटतात. वाटू द्यावेत.’

आता या चिठ्ठ्यांचं सांगायला हवं. मास्तरांच्या दुकानात प्रत्येक कपड्याला टाचणीने एक चिठ्ठी लावलेली असायची. तिच्यावर दोन मापं असायची. एक गिऱ्हाइकाने सांगितलेलं आणि दुसरं खरं. माणूस आरशासमोर उभा राहिला, पोट आत घेतलं आणि “पूर्वीचंच माप धरा” म्हणाला, की मास्तर “बरं” म्हणायचे, त्याच्या देखत पूर्वीचं माप वहीत लिहायचे आणि तो गेल्यावर चिठ्ठीवर खरं. कपडा खऱ्या मापाचा शिवायचे. म्हणून तर त्यांचा कपडा सगळ्यांना अंगाला बसायचा आणि सगळे खूश असायचे. चिठ्ठीची बाजू कायम भिंतीकडे. एकतीस वर्षं एकाही गिऱ्हाइकाला ती दिसली नव्हती. फोटो काढताना उजेड नीट यावा म्हणून मास्तरांनी रॅक फिरवला, एवढंच झालं. चिठ्ठ्या त्यांना दिसल्या नाहीत असं नाही, पण त्यांच्या डोळ्यांना चिठ्ठी हा कपड्याचाच भाग होता. बिनचिठ्ठीचा कपडा त्यांना उघडा वाटायचा.

मास्तरांनी पान उघडून फोटोवर बोट ठेवलं. सहावी चिठ्ठी वाचली आणि त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

‘हेडसर. कंबर सांगितली ३४. खरी ३८. अडतीसचीच शिवणे. आत चौतीसची पट्टी लावणे. बोलणे नाही.’

हेडसर म्हणजे शाळेचे मुख्याध्यापक. ते आज निवृत्त होत होते. संध्याकाळी पाच वाजता शाळेच्या सभागृहात निरोप होता आणि त्यासाठी हा नवा सूट. दर वर्षी पहिल्या दिवशी ते मुलांना सांगायचे, “शिस्त म्हणजे काय? नोकरीला लागलो तेव्हा माझी कंबर चौतीस होती. आजही चौतीसच आहे!” गावातली निम्मी माणसं हे ऐकत मोठी झाली होती. आजच्या भाषणात ते वाक्य येणार होतं, हे सांगायला ज्योतिषी लागत नव्हता. आणि समोर बसलेल्या सगळ्यांच्या खिशात मास्तरांचं पान असणार होतं.

“अगं, घात झाला,” मास्तर म्हणाले. आकडा एकोणीस झाला होता.

बायकोने येऊन सहाही चिठ्ठ्या शांतपणे वाचल्या. “सरांचा शेवटचा दिवस आहे हो,” ती एवढंच म्हणाली. तिने आरडाओरडा केला असता तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

तेवढ्यात दंतवैद्याचा फोन. आवाज अगदी थंड.

“मास्तर, किती वर्षं आहे तो कापूस?”

“अकरा, डॉक्टर. पण अगदी थोडा.”

“बायकोनं वाचलं. मघापासून माझ्या खांद्याकडे बघतेय.” आणि जरा थांबून, “तो एजंटचा पायाचा प्रकार खरा आहे का?”

त्यानंतर गायनवर्गाच्या बाईंचा. त्यांनी जाकिटाचा विषयही काढला नाही. “एवढंच विचारायचं होतं मास्तर, ही अक्षरं मला दिसतायत तशी सगळ्यांनाच दिसतात का?” बाईंच्या चिठ्ठीवर ‘दर वर्षी अर्धा इंच. टेप बघू देणे नाही’ असं होतं. मास्तर म्हणाले, “दिसतात, बाई.” त्यावर बाईंनी जो सुस्कारा सोडला तो बराच वेळ चालला, गाण्याचा दम होता तो.

मास्तरांनी वर्गाच्या बाईंना फोन लावला. बाई प्रवासात होत्या.

“काढून टाकायचं? सोपं आहे. लॉगिन करा, ‘पान मागे घ्या’ दाबा. झालं.”

“बाई, ते पासवर्ड मागतंय. आजवर कधी मागितला नव्हता.”

“आजवर तुम्ही लॉगआऊट करत नव्हता. आज केलंत वाटतं? शाब्बास! मग घाला पासवर्ड.”

“तो लक्षात नाही. मशीननंच सुचवलेला होता. बारा अक्षरं, कशाला काही अर्थ नाही.”

“मग ‘पासवर्ड विसरलो’ दाबा, ई-मेलवर नवा येईल.”

“ई-मेलचाही तोच ठेवलाय.”

बाईंचा आवाज थोडा चढला. “मास्तर, कुठे लिहून ठेवलाय का? खरं सांगा, मी रागावणार नाही.”

“कागदावर नाही लिहिला हो!” मास्तर दुखावून म्हणाले. “तुम्ही बजावलं होतंत ना. दुकानात बसून खातं उघडलं त्या वेळी समोर कोटाचा कॅनव्हास होता, खडू हातात होता. कापडावर लिहिला.”

पलीकडे गाडीचा हॉर्न वाजला. मग बाई म्हणाल्या, “मग ते कापड बघा की.”

मास्तरांनी फोन ठेवला आणि सावकाश मान वळवली. कोटाच्या छातीला आकार यावा म्हणून आत जो जाड कॅनव्हास घालतात, त्याच्यावर त्यांनी पासवर्ड लिहिला होता. तो कॅनव्हास आता हेडसरांच्या कोटात होता. वरून कापड बसलं होतं, आतून काळं अस्तर लागलं होतं, वाफेची इस्त्री फिरली होती, आणि कोट हँगरवर ऐटीत लटकत होता.

एक वाजून दहा मिनिटं. भेट देणारे, सदतीस.

“उसवायचं,” मास्तर म्हणाले.

“दोन दिवस बसून हातानं टाके घातलेत मी त्याला!”

“अगं, त्या माणसाची कंबर जगासमोर लटकतेय!”

बायकोने एकदा कोटाकडे आणि एकदा नवऱ्याकडे पाहिलं. मग तिने कोट टेबलावर घेतला, चष्मा नाकावर ओढला आणि डाव्या छातीकडचा पहिला टाका कापला. मास्तरांना तो कच् असा आवाज काळजात ऐकू आला. तासाभरात माणूस सूट न्यायला येणार आणि इथे सूट उलगडत चाललेला. त्यांना दुकान बंद करून मागच्या दाराने निघून जावंसं वाटलं, पण दुकानाला मागचं दार नव्हतं.

अस्तर वीतभर मोकळं झालं. मास्तरांनी कॅनव्हासवर दिवा धरला. खडू जवळजवळ गेला होता. वाफेने त्याचं नुसतं धुकं उरलं होतं.

“हा एम आहे बघ. मग सात. मग... हे काय आहे?”

“डाग आहे.”

अंदाजाने त्यांनी बारा अक्षरं टाकली. पासवर्ड चुकीचा. पुन्हा एकदा, डाग सोडून दिला आणि त्या जागी दुसरं अक्षर घातलं. पासवर्ड चुकीचा. आणि खाली लाल अक्षरांत : ‘एकच प्रयत्न शिल्लक. त्यानंतर खाते चोवीस तास बंद राहील.’

मास्तर खुर्चीवर बसले. चोवीस तास म्हणजे निरोपसमारंभ, भाषण, हार, चहा, सगळं उरकून दुसरा दिवस. एकतीस वर्षं माणसांची पोटं त्यांनी पोटात ठेवली होती. उद्यापासून या आरशासमोर कोण उभं राहणार होतं? आणि ते जाऊ दे. पण ज्याने गावाला शिकवलं त्या माणसाला, त्याच्याच सभागृहात, त्याच्या शेवटच्या दिवशी लोक खाली माना घालून हसणार, आणि तेही आपल्या हस्ताक्षरामुळे! मास्तरांच्या डोळ्यांत पाणीच आलं.

“असं बसून काय होणारे?” बायको म्हणाली. ती उसवलेलं अस्तर उलटं करून बघत होती. “अहो, हा खडू गेला कुठे? नाहीसा तर होणार नाही. इस्त्रीनं दाबला तर कशाला तरी लागणारच.”

काळ्या अस्तराच्या आतल्या बाजूला पांढरं काहीतरी उमटलं होतं. अक्षरंच होती ती, पण सगळी उलटी. दोघांनी एकदम ट्रायलरूमच्या आरशाकडे पाहिलं.

बायको कोट घेऊन आरशासमोर उभी राहिली, अस्तर दोन्ही हातांनी ताणून धरलं. ज्या आरशात गावाने पोटं आत घेतली होती त्यात आता बारा अक्षरं सुलट दिसत होती. डाग म्हणजे ‘अॅट’चं चिन्ह निघालं. मास्तर एकेक अक्षर मोठ्याने वाचत होते, एका बोटाने दाबत होते, मागे जाऊन तपासत होते. एक वाजून पंचावन्न मिनिटं झाली. शेवटचं अक्षर दाबलं. मग त्यांनी एंटर दाबलं.

‘स्वागत आहे, मास्तर.’

‘पान मागे घ्या.’ त्यांनी बटण इतक्या जोरात दाबलं की टेबल हललं. पान गेलं. आकडा शेवटचा दिसला तेव्हा तो चौसष्ट होता. आणि त्याच क्षणी दुकानाचं दार उघडलं.

“नमस्कार मास्तर! पाच मिनिटं आधीच आलो.”

हेडसर दारात उभे होते, ताठ, नेहमीसारखे. त्यांचा कोट पोट फाडल्यासारखा बायकोच्या हातात होता.

“शेवटचा हात फिरवायचाय, सर,” बायको म्हणाली आणि खाली बसून तिने सुईत दोरा ओवला. तिचा हात एवढ्या वेगाने चालताना मास्तरांनी कधी पाहिला नव्हता.

हेडसर खुर्चीवर बसले. त्यांनी छत्री गुडघ्यांमध्ये उभी धरली. “पान पाहिलं तुमचं.”

मास्तरांनी टेबलाची कड धरली. “कधी, सर?”

“आलं तेव्हाच. पहिला किंवा दुसरा असेन मी.”

“फोटो...?”

“तोही पाहिला. बोट ठेवलं की मोठा होतो. चांगली सोय आहे.”

मास्तर हात जोडून उभे राहिले. “सर, चूक झाली. काढून टाकलंय आता, पण चौसष्ट माणसांनी...”

“अडतीस?” हेडसरांनी मध्येच विचारलं.

“अडतीस, सर.”

“मला सदतीस वाटत होती,” हेडसर थोडं नाराज होऊन म्हणाले.

मास्तर त्यांच्याकडे बघतच राहिले. “म्हणजे तुम्हाला माहीत होतं?”

“मास्तर, माझ्या घरी आरसा आहे, वजनकाटा आहे, आणि बायको आहे. माहीत नसायला काय झालं? पण सकाळी पँट चढवताना आत ती चौतीसची पट्टी दिसते ना, ती वाचतो मी. दिवस बरा जातो.” त्यांनी खाकरून घसा साफ केला. “या पँटला लावलीत ना?”

“लावलीय, सर.”

“मग झालं.”

मास्तरांच्या जिवात जीव आला. ते चहाचं विचारणार, एवढ्यात हेडसर म्हणाले, “तुमच्या पानात चूक आहे ती दुसरीच. मुलीबद्दल लिहिलंयत ते.”

“मुलीबद्दल? ते तर खरं आहे, सर! स्वतःच्या हिमतीवर...”

“त्या वर्षी गणिताचे पेपर मी तपासले होते. एकोणतीस होते तिला.”

सुई थांबली.

“पस्तीसला पास,” हेडसर शांतपणे सांगू लागले. “आकृती फार सुबक काढली होती, तिचे दोन वाढवले. एक उत्तर चुकलं होतं पण रीत बरोबर होती, त्याचे तीन. झाले चौतीस.”

“आणि पस्तिसावा?”

“पस्तिसावा असाच दिला. आणि वहीत लिहून ठेवलं, बोलणे नाही.”

मास्तरांचे कान तापले. त्यांना आधी राग आला, मग तो कुणाचा करावा ते कळेना. एकोणतीस! वीस वर्षं ते हे पस्तीस गुण येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. दंतवैद्याला आज दुपारी काय वाटलं असेल ते त्यांना आता नेमकं समजलं.

“आजवर कधी बोललो नाही,” हेडसर म्हणाले. “पण आज तुम्ही सगळ्या जगाला कळवलंत की मेहरबानी नव्हती. म्हटलं, आज निघतोच आहोत, तर खरं माप निदान बापाला तरी सांगून जावं. पुढे शिकली ती मात्र खरंच स्वतःच्या हिमतीवर हो. तिच्या पुलांना माझे गुण नाहीत.”

मास्तरांनी टेबलावरची टेप उचलून गळ्यात घातली. मग त्यांनी हळूच विचारलं, “त्या वहीत सगळ्यांचंच लिहिलंय, सर?”

“छत्तीस वर्षांचं. दंतवैद्य आहे, एजंट आहे. अर्धं गाव आहे.”

“सर,” मास्तर काकुळतीने म्हणाले, “त्या वहीचा फोटो तेवढा कुठे टाकू नका.”

पाच वाजता सभागृह भरलं होतं. नव्या सुटात हेडसर उभे राहिले. कोट असा बसला होता की तीन तासांपूर्वी तो उघडा पडला होता हे सांगून कुणाला पटलं नसतं. भाषण शिस्तीवर आलं.

“नोकरीला लागलो तेव्हा माझी कंबर चौतीस होती,” हेडसर म्हणाले. “आजही चौतीसच आहे!”

क्षणभर कुणी हललं नाही. मग मास्तरांनी जोरात टाळी वाजवली. लगेच दंतवैद्याने, दोन्ही खांदे सारखे उचलून. मग एजंटने, मग गायनवर्गाच्या बाईंनी, आणि मग सगळ्या सभागृहाने. हसलं कुणीच नाही. हेडसरांनी मान झुकवली तेव्हा मास्तरांना हुंदका आला आणि बायकोने त्यांच्या हातात रुमाल दिला.

बाहेर पडताना मुलीचा फोन आला.

“बाबा, तुमचा मेसेज आत्ता बघितला. पान उघडतच नाहीये! काढलंत का?”

“फोटो बदलायचाय. उद्या पुन्हा टाकतो.”

“आईनं सांगितलं माझ्याबद्दल काहीतरी लिहिलंयत म्हणून. ते राहील ना?”

मास्तर पायरीवर थांबले. बायको पुढे गेली होती, पण तिचीही पावलं थांबली.

“राहील की,” मास्तर म्हणाले. “फक्त फोटो बदलायचाय. मजकूर आहे तसाच.”